कोरडी हवा आणि अडकलेली कात

'कात टाकणे' हा वाक्प्रचार आपण किती सहजतेने वापरतो! दीर्घ आजारातून उठलेला माणूस, जीर्णोद्धार झालेले गावचे देऊळ, नव्या रूपात उभी राहिलेली जुनी शाळा, या सर्वांनी 'कात टाकली' असे आपण म्हणतो. या बोलण्यात एक गोष्ट गृहीत असते, ती अशी की जुने ते आपोआप गळून पडते आणि आतले टवटवीत रूप बाहेर येते. बृहदारण्यक उपनिषदातही वारुळावर पडून राहिलेल्या सापाच्या कातेचा दृष्टान्त आहे. मराठीची शिक्षिका म्हणून हा वाक्प्रचार मी अनेक वर्षे मुलांना समजावून दिला. परंतु साप कात टाकतो कशी, आणि ती टाकता आली नाही तर त्याचे काय होते, हे मात्र मी वयाच्या ७१ व्या वर्षी, घरापासून हजारो मैलांवर, एका बर्फाळ गावी पाहिले. त्या अनुभवाचा माझ्या घरातील रुग्णाशी अगदी निकटचा संबंध आला, म्हणूनच तो आपणांपुढे ठेवीत आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सहा महिने राहिलो. यजमानांचे वय ७८. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवी बाजू अजून अशक्त आहे, बोलणे थोडे अडखळते, आणि मधुमेह तर जुनाच सोबती आहे. त्यांचे स्नान, औषधे, चालणे-फिरणे हे सारे माझ्या हातचे. आम्ही मूळ कोकणातील, रत्नागिरीकडचे. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलांना बुरशी येते आणि मिठाचे पाणी होते. हवा कोरडी असते म्हणजे नेमके काय, हे आम्हांला आयुष्यात कधी ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

लेकीच्या घरी पोहोचलो तेव्हा कळले, की बारा वर्षांच्या नातवाने एक साप पाळला आहे. त्या देशात अशा पाळीव सापांची रीतसर पैदास होते. नातवाचा साप 'कॉर्न स्नेक' जातीचा होता. अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळणारी ही बिनविषारी जात आहे. केशरी अंगावर तांबडे पट्टे, लांबी सुमारे तीन फूट. वेटोळे घालून बसला की अगदी ताटातल्या जिलबीसारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव 'जिलबी'. पहिले दोन आठवडे मी त्या खोलीत पाऊल टाकले नाही. त्यातच एके दिवशी खोवलेल्या नारळाचे पाकीट काढण्यासाठी शीतपेटी उघडली, तर शेजारीच त्याच्या आहाराचे गोठवलेले उंदीर! त्या दिवशी मी जेवले नाही, हे येथे मोकळेपणाने सांगते. पण नातू शाळेतून आला की आधी त्या काचेच्या पेटीपाशी जाई आणि मग 'आजी, तू नुसती बघ तरी' म्हणून माझा हात धरी. बालहट्टापुढे कोणाचे चालते? हळूहळू मी पाहू लागले.

डिसेंबर उजाडला. बाहेर पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश. घरात मात्र यंत्राने तापवलेली हवा रात्रंदिवस खेळत होती. याच सुमारास यजमानांना कंड सुटू लागली. आधी पोटऱ्यांना, मग पाठीला आणि दंडांना. रात्री दोन-दोन वाजता ते उठून बसत आणि डाव्या हाताने नडगी खाजवीत राहत. त्वचेवर पांढरा भुसा, मधूनमधून सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा. 'अहो, नका ना खाजवू' म्हटले की त्यांचे डोळे भरून येत. 'अगं, मी काय हौसेने खाजवतो?' एवढेच ते कष्टाने म्हणत.

मी काय करावे? जे आईने आणि सासूने शिकवले, तेच केले. कढत पाण्याने रोज दोनदा स्नान, भरपूर साबण, आणि तो 'मळ' निघावा म्हणून बेसनाचे उटणे लावून खरखरीत पंचाने चोळणे. स्नानानंतर घटकाभर त्यांना बरे वाटे आणि रात्री कंड दुपटीने येई. मग दुसऱ्या दिवशी मी अधिक जोराने चोळी.

त्याच आठवड्यात जिलबीचे काहीतरी बिनसले. अंगाचा रंग मंदावला, डोळ्यांवर निळसर दुधी पडदा आला, तिने खाणे सोडले. मी घाबरले, पण नातवाने मला समजावून सांगितले. सापाच्या जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार होत असते. ती पूर्ण झाली की दोन्हींच्या मध्ये एक द्रव झिरपतो आणि जुना थर सुटा होऊ लागतो. त्या द्रवामुळेच डोळे दुधाळ दिसतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो, आणि कातेबरोबर तोही बदलतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत साप आपले नाक खडबडीत दगडावर किंवा लाकडावर घासून ओठांपाशी कात सोडवतो व तिच्यातून पुढे सरकतो. पायमोजा उलटा करून काढावा तशी सबंध कात अखंड मागे राहते. या काळात त्याला अंधुक दिसते, तो बावरलेला असतो, म्हणून त्याला उचलू नये.

हे झाले निरोगी सापाचे. जिलबीची कात अखंड उतरली नाही. तिचे कागदासारखे तुकडे पडले. पाठीवर पट्ट्या चिकटून राहिल्या, डोळ्यांवरचे जुने खवले तसेच राहिले, आणि शेपटीच्या टोकाशी वाळलेल्या कातेची वळी आवळून बसली. ती दिवसभर दगडाला अंग घासत होती. नातू तिच्याशेजारी जमिनीवर बसून होता, आणि त्याचाही चेहरा उतरला होता.

येथे माझ्या हातून चूक झाली. नातवाचे दुःख मला पाहवेना. मी म्हटले, 'तू धर तिला, मी काढते अलगद.' तो म्हणत होता, 'आजी, ओढू नकोस गं!' पण आयुष्यभर मुलांच्या खपल्या आणि काटे काढलेले माझे हात. मी पाठीवरची एक पट्टी नखाने धरली आणि ओढली. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर खालचा कोवळा खवलाही निघाला. रक्ताचा एक थेंब वर आला. जिलबी चावली नाही, नुसती आक्रसली. नातवाने तिला पेटीत ठेवले, आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता तो आपल्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी लेक जिलबीला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्य बाईंकडे घेऊन निघाली. मीही हट्टाने बरोबर गेले. बाईंनी भिंगातून तपासले. अंगावर बारीक कीटक नाहीत ना, जुना व्रण नाही ना, आहार आणि पेटीतील उष्णता योग्य आहे ना, हे सारे पाहिले, कारण यांपैकी कशानेही कात अडकू शकते. मग त्यांनी पेटीतील आर्द्रता विचारली. नातवाने खिशातून छायाचित्र काढून दाखवले. काट्याचे स्वस्त आर्द्रतामापक 'पन्नास' दाखवीत होते. बाई म्हणाल्या, 'असले काटे पुष्कळदा चुकतात. आकड्यांचे विद्युत मापक आणा, आणि ते दिव्याजवळ न ठेवता पेटीच्या मध्यावर ठेवा.' या जातीच्या सापाला हवेत साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता लागते, आणि कातीच्या दिवसांत त्याहून थोडी अधिक. आर्द्रता कमी पडली की दोन कातड्यांमधील तो द्रव लवकर सुकतो आणि जुना थर नव्याला चिकटून बसतो.

पाठीवरची जखम पाहून त्या रागावल्या नाहीत. मीच कबुली दिली, तेव्हा लेकीकरवी त्यांनी मला सांगितले, 'आजी, कात ओढून काढायची नसते. ती सुटेल अशी हवा आणि ओल द्यायची असते. डोळ्यांवरच्या खवल्याला तर चिमटा कधीच लावू नका, डोळा जातो.' शेपटीची वळी त्यांनी ओल्या कापसाने भिजवून भिजवून सोडवली. त्यांतील काही मागच्या वेळच्या कातेची होती. रक्तप्रवाह अडल्याने टोकाचा अर्धा इंच काळा पडला होता. तो भाग गळून जाईल, असे त्यांनी सांगितले. नातवाने मान खाली घातली. मागच्या वेळी शेपूट तपासायचे राहून गेले, हे त्याला कळले होते.

निघताना बाईंनी विचारले, 'घरात कोण कोण असते?' यजमानांचे वय आणि मधुमेह ऐकताच त्या गंभीर झाल्या. दिसायला पूर्ण निरोगी असलेल्या सापाच्याही आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील बालके, ६५ वर्षांवरील वृद्ध आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशांना त्यांची बाधा तीव्र होऊ शकते. म्हणून सापाला, त्याच्या पाण्याला किंवा कातेला हात लावल्यास साबणाने हात धुणे, त्याची भांडी स्वयंपाकघरात न धुणे, आणि उंदरांसाठी वेगळी शीतपेटी ठेवणे, हे नियम त्यांनी घालून दिले. नारळाच्या पाकिटाची माझी किळस अगदीच अनाठायी नव्हती, हे ऐकून लेकीला हसू आले.

त्या संध्याकाळी नवे मापक आणले. पेटीत ते १८ टक्के दाखवू लागले. नातू म्हणाला, 'आजी, आपण ते बाकीच्या खोल्यांतही ठेवून पाहू या.' आमच्या शयनगृहात उशाशी ठेवले. पाऊण तासाने आकडा होता १६.

वाचकहो, मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. यजमान त्याही क्षणी नडगी खाजवीत होते. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्तीच अत्यल्प असते. तीच हवा घरात घेऊन तापवली, की तिची तहान वाढते आणि ती मिळेल तेथून ओल शोषून घेते, लाकडातून, ओठांतून, नाकातून, त्वचेतून. आम्हां दोघांच्या उशाशी तीच हवा होती, जिने जिलबीची कात आवळली होती. आणि मी काय करीत होते? यजमानांच्या अंगावरची कात दररोज ओढून काढीत होते.

दोनच दिवसांत त्यांच्या नडगीवरची एक ओरखड्याची जखम लाल झाली, गरम लागू लागली आणि सुजली. अर्धांगवायूनंतर ते रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात, वर मधुमेह, त्यामुळे जखम भरण्याची गती मंद. डॉक्टरांकडे न्यावे लागले. प्रतिजैविकांचा आठवडा मोठ्या काळजीत गेला. परक्या देशात, पाहुणे असताना, रात्री त्यांचा पाय उशीवर ठेवून सुजेची कड शाईने आखून ठेवायची आणि सकाळी ती सरकली का ते पाहायचे, हे मी कधी विसरणार नाही. सूज उतरली. डॉक्टरांनी त्वचेची जी माहिती दिली, ती आपणां सर्वांच्या उपयोगाची आहे.

आपली त्वचाही सतत कात टाकत असते, फक्त ती कणाकणाने पडते म्हणून दिसत नाही. वय वाढते तशा तैलग्रंथी मंदावतात, वरच्या थरातील स्निग्धांश घटतो, आणि ओल धरून ठेवणारी भिंत विरळ होते. कढत पाणी आणि तीव्र साबण उरलासुरला स्निग्धांशही धुऊन नेतात. मी ज्याला मळ समजत होते, तो मळ नव्हता, कोरडी पडलेली त्वचा होती.

मग आम्ही घरात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू केल्या. नातवाने जिलबीच्या पेटीतील लाकडाचा भुसा काढून नारळाच्या काथ्याचा भुसा घातला, कारण तो ओल धरून ठेवतो. कोकणचा काथ्या मिनेसोटात सापाच्या अंथरुणाला आलेला पाहून मला गंमत वाटली. पाण्याचे भांडे मोठे केले, वरची जाळी अर्धी झाकली, आणि ओल्या शेवाळाने भरलेला, एक भोक ठेवलेला डबा तिला लपायला दिला. चिकटलेल्या पट्ट्यांसाठी तिला झाकणाला छिद्रे असलेल्या डब्यात, पोट भिजेल इतक्याच कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवायचे आणि मग मऊ ओल्या टॉवेलमधून सरकू द्यायचे. हे करताना तिला एकटे सोडायचे नाही. पाठीवरच्या पट्ट्या दोन दिवसांत टॉवेलवर उतरल्या. डोळ्यांना कोणी हात लावला नाही. अति ओलही घातकच. पेटी सतत चिंब राहिली, हवा खेळली नाही, तर सापाच्या पोटाकडचे खवले कुजतात आणि श्वसनाचे विकार होतात. म्हणून आकडा पन्नाशीच्या आसपास ठेवला.

इकडे यजमानांचे स्नान दिवसातून एकदाच, कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. साबण सौम्य, तोही काखा, जांघा आणि पावले एवढ्यांनाच. उटणे बंद. अंग पंचाने टिपायचे, घासायचे नाही, आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनसुगंधाचे मलम किंवा पेट्रोलियम जेली लावायची. झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा. आपल्याकडे खोबरेलही चालेल. पण एक सावधगिरी सर्व शुश्रूषा करणाऱ्यांनी ठेवावी. तेल न्हाणीघरात लावू नये. फरशी निसरडी होते, आणि या वयात एक पडणे कंडेपेक्षा फार महाग पडते. रुग्णाला खुर्चीवर बसवून लावावे. नखे कापलेली असावीत, आतले कपडे सुती असावेत. तहान वयानुसार बोथट होते, म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते घोटघोट द्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे बंधन आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच घ्यावे.

खोलीत हवा दमट करणारे यंत्र लावले. घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता माणसाला मानवते. त्या कडाक्याच्या थंडीत पस्तिशीच्या वर गेलो की खिडक्यांवर पाणी साचे, म्हणून तेथेच थांबलो. यंत्रातील पाणी रोज बदलावे आणि ते घासून स्वच्छ ठेवावे, नाहीतर तेच बुरशीचे घर होते.

आपण म्हणाल, हे बर्फाळ देशाचे झाले, आम्हांला काय त्याचे? परंतु नागपूर-अकोल्याचा मे महिना आठवा, पुण्या-नाशिकची पौष-माघातील कोरडी थंडी आठवा, रात्रभर वातानुकूलित खोलीत झोपणारे आपले आप्त आठवा. मापक फार महाग नसते. ते एकदा रुग्णाच्या उशाशी ठेवून पाहा. मात्र हवा आणि मलम सुधारूनही पंधरा दिवसांत कंड गेली नाही, अंगावर पुरळ आले, वजन घटले, डोळे पिवळे दिसू लागले, तर घरगुती उपायांवर विसंबू नका. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचे विकार आणि काही औषधे यांमुळेही कंड सुटते. आणि मधुमेही माणसाच्या पायावरची जखम लाल झाली तर उद्यावर ढकलू नका.

एक गोष्ट आणखी सांगणे माझे कर्तव्य आहे. ही कथा वाचून कोणाच्या नातवाने साप पाळण्याचा हट्ट धरला, तर त्याला सांगा, की आपल्याकडील साप पकडणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि अनेक परदेशी प्रजातींसाठीही सरकारी नोंदणी लागते. घरात साप निघाल्यास वनविभागाला कळवावे. नागपंचमीला सापाला दूध पाजू नये. दूध हा त्याचा आहार नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप मिळेल ते पितो आणि त्याने आजारी पडतो.

मार्चच्या सुरुवातीस जिलबीचे डोळे पुन्हा दुधाळ झाले. या वेळी आम्ही कोणी तिला हात लावला नाही. आठवडाभराने, सकाळी चहाच्या वेळी, नातू धावत आला. पेटीत शेवाळाच्या डब्यापाशी कात पडली होती, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड. हातमोजे घालून त्याने ती ओल्या टॉवेलवर पसरली, आणि मी माझे वाचनाचे भिंग आणले. आधी डोळे तपासले. दोन्ही बाजूंना दोन गोल काचा होत्या, आणि त्यांना चिकटून मागच्या वेळचे जुने खवलेही आले होते. मग पाठ. माझ्या नखाने जेथे रक्त काढले होते, तेथे कातेवर एक वेडावाकडा खवला उमटला होता. नातवाने तो पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, 'आजी, भरलंय ते.' शेवटी शेपूट. टोकाचा अर्धा इंच तिथे नव्हताच. जे गेले ते परत आले नाही.

यजमान काठी टेकत दारापर्यंत आले होते. त्यांनी बाह्या वर सरकवलेल्या होत्या. 'कात टाकली का?' त्यांनी विचारले. मी हात स्वच्छ धुतले, त्यांना खुर्चीवर बसवले आणि मलमाची डबी उघडली.